माणशी एक वीट

टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. तो दिवस उजाडला की खालच्या गल्लीत सकाळपासून कुणी कुणाशी धड बोलत नसे. पिंपं ओळीनं लागायची, पिंपांमागे बायका, बायकांमागे घागरी, कळशा, डबे, अगदी बाळाला आंघोळ घालायचं घंगाळसुद्धा. कशात काय मिळेल याचा नेम नव्हता.

टँकरच्या पायरीवर एक पाय ठेवून कारकून उभा असायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम रबरी शिक्का असे, म्हणून गावानं त्याचं नावच ‘शिक्का’ ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

“दार सात!” शिक्का ओरडला.

गवंड्याची सून पिंप सरकवत पुढे झाली. पदर खोचलेला, टाचा भेगाळलेल्या, पण आवाज एकदम खणखणीत.

“दोन पिंपं,” शिक्का म्हणाला.

“अठरा माणसं आहेत घरात.”

“मी माणसं लिहीत नाही, दारं लिहितो. यादीच दारांची आहे.”

“चार चुली आहेत हो. आत येऊन बघा, चहा देते. बिनपाण्याचा.”

मागच्या बायका हसल्या. शिक्क्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“दार किती तुमचं?”

“एक.”

“मग वाद कशाला? पुढचं दार, आठ!”

दुसरं पिंप काठोकाठ व्हायच्या आतच टँकरवाल्यानं पाइप ओढून घेतला. जाता जाता त्यातून पाणी ठिबकलं, तशी सून गुडघ्यांवर बसली. तिनं खांद्यावरचं फडकं ओल्या फरशीवर दाबलं आणि बादलीत पिळलं. परत दाबलं, परत पिळलं. वरच्या गल्लीतले दोघंतिघं चहाचे कप हातात घेऊन बघत होते. तिनं मान वर केली नाही.

गवंडी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होता. त्याला उठून काहीतरी बोलावंसं फार वाटत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. कारण हे सगळं त्याच्याच हातचं काम होतं.

पंधरा वर्षांपूर्वी गावात घरपट्टी दारांवर होती. रस्त्यावर जितकी दारं उघडतील तितकी पट्टी. खालच्या गल्लीत छत्तीस घरं, छत्तीस दारं. गवंडी तेव्हा तरणाबांड होता आणि त्याचं डोकं हातापेक्षा जोरात चालायचं. त्यानं युक्ती काढली. चार-चार घरांच्या मधल्या भिंती आतून फोडायच्या, बाहेरची तीन दारं विटांनी बुजवायची, एक ठेवायचं. आठ दिवसांत छत्तीसाची नऊ दारं झाली. गिलावा असा सफाईदार की इथं कधी दार होतं हे सांगूनही पटू नये. मोजणीला आलेला माणूस डोकं खाजवत निघून गेला. गल्लीनं गवंड्याला खांद्यावर घेऊन मिरवायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता त्याच गल्लीत नऊ दारांमागे एकशे बासष्ट माणसं होती आणि तीन दिवसांना अठरा पिंपं. वरच्या गल्लीत एक्केचाळीस दारं. तिथं काहींनी पुढचं दार, मागचं दार, कोठीचं दार असं सगळं लिहवून घेतलेलं. आता त्यांच्याकडे पाण्याची पिंपं झाकून ठेवायला झाकणं कमी पडत होती.

“आठ दिवसांत दारं बुजवलीत,” गवंड्याची बायको दुखरे गुडघे चोळत म्हणाली. “आता आठ दिवस झाले, तुमच्या तोंडाचं दार उघडत नाही.”

“फोडून टाकतो सगळी. लगेच.”

“फोडा. शिक्का म्हणतो, यादी झाल्यावरची नवी दारं धरायची नाहीत. विचारून आलेय मी.”

येत्या शनिवारी पाणीखात्याचे साहेब येणार होते. शाळेच्या पटांगणात सभा. त्या दिवशी यादीवर सही झाली की पुढचे चार महिने, पाऊस पडेपर्यंत, ती बदलणार नव्हती. माणशी दिवसाला सात लिटर. त्यात पिणं, रांधणं, धुणं, पोरं आणि दोन म्हाताऱ्या. गल्लीत दोन पोरांना आधीच हगवण लागली होती. चार महिने असे काढायचे म्हणजे काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दुष्काळात बांधकामं बंद होती. पाण्याशिवाय सिमेंट कालवायचं कशात? गवंड्याचा मुलगा कामाच्या शोधात शहराकडे गेला होता आणि गवंड्याच्या थाप्या आठवडेच्या आठवडे कोरड्या पडून होत्या. एकच काम त्याला मिळालं होतं, तेही शाळेच्या बाईंमुळे. पटांगणाच्या एका बाजूला जमिनीवर जगाचा नकाशा करायचा, सिमेंटचा, चांगला चोवीस फुटी. पाणी म्हणून भांडी विसळलेलं चालेल, असं बाईंनी कबूल केलं होतं. त्यामुळे महासागराला जरा खरकट्याचा वास यायचा.

बाई खडूनं रेघा काढून देत आणि गवंडी त्यावर सिमेंटची कड घाली. दोरी ताणायची, थापीनं माल सोडायचा, बोटानं कड ओढायची. समुद्र सखल ठेवायचा, जमीन दोन बोटं उंच. सरळ भिंती बांधून हात बसलेल्या माणसाला हे वाकडेतिकडे किनारे सुरुवातीला अपमानासारखे वाटले. मग गोडी लागली. वरच्या अंगाला एक भलामोठा पांढरा तुकडा होता, ग्रीनलंड म्हणून. त्यावर त्यानं अख्खा दिवस घालवला, गुरमाळा फिरवून फिरवून आरशासारखा गुळगुळीत केला. खालच्या कोपऱ्यातलं ऑस्ट्रेलिया तर इतकं सुबक झालं की तो जाता-येता उगाच त्याच्याकडे बघून घेई.

बुधवारी नकाशा पुरता झाला. बाईंनी चौथीची मुलं आणली आणि घमेल्यात ऐंशी खडे.

“एक खडा म्हणजे दहा कोटी माणसं,” बाई म्हणाल्या. “ऐंशी खडे म्हणजे सगळं जग. कुठं किती ठेवायचे? आधी गवंडीकाका ठेवतील. त्यांनी जग बांधलंय.”

मुलांनी टाळ्या पिटल्या. गवंडी लाजला, पण उठला. त्यानं हिशेब सरळ केला. मोठं घर, जास्त माणसं. वरच्या अंगाला पसरलेल्या रशियात त्यानं पंधरा खडे टाकले. कॅनडात दहा, ग्रीनलंडमध्ये आठ, ऑस्ट्रेलियात सहा, आणि मायेनं आणखी एक.

बाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि एकेक खडा उचलत गेल्या.

“रशियात दीड खडा. कॅनडात अर्धासुद्धा नाही. ऑस्ट्रेलियाला पाव.”

“पाव?” गवंड्याला ते मनाला लागलं. “आणि हे माझं पांढरं?”

“ग्रीनलंडला खडाच नाही. सगळी मिळून छप्पन्न हजार माणसं.”

“अहो बाई, मग आधी सांगायचं! अर्धी गोणी सिमेंट खाल्लं त्यानं.”

“शिवाय ते एवढं मोठं नाहीच. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की वरचा भाग ताणला जातो.”

मग बाईंनी खडे भरायला सुरुवात केली. आफ्रिकेत पंधरा. युरोपात सात-आठ. दोन्ही अमेरिका मिळून दहा. उरलेले सगळे आशियात, त्यातही बरेचसे खालच्या अर्ध्यात. तिथं जागाच पुरेना. बांगलादेश गवंड्यानं जेमतेम थापीच्या टोकाएवढा केला होता. त्यात बाईंनी पावणेदोन खडे ठेवले, म्हणजे अख्ख्या रशियापेक्षा जास्त. खडे एकमेकांवर चढले आणि घसरून समुद्रात पडू लागले.

“बाई, माणसं बुडाली!” एक मुलगी ओरडली.

“जमीन बघितली की माणसं दिसत नाहीत,” बाई म्हणाल्या. “म्हणून नकाशा दोनदा काढायचा. एकदा जमिनीचा, एकदा माणसांचा.” मग त्यांनी बावीस खड्यांना लाल दोरा गुंडाळला. “आणि या एवढ्यांच्या घरात पिण्याजोगं पाणी नाही.”

गवंड्याची सून जेवणाचा डबा घेऊन आली होती ती तशीच कुंपणापाशी उभी राहिली. डबा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

“मामंजी,” ती हळूच म्हणाली. “हे ग्रीनलंड म्हणजे आपल्या कंपाउंडरकाकांचं घर की हो.”

गवंड्यानं तिच्याकडे बघितलं, मग खड्यांच्या ढिगाकडे. वरच्या गल्लीतल्या कंपाउंडरकाकांच्या घराला चार दारं होती आणि तिथं नवराबायको दोघंच राहत.

“जगाचा नकाशा घातलात,” सून म्हणाली, “आता गावाचा घाला. माणसांचा. शनिवारी साहेब इथंच बसणार आहेत, त्यांच्या पायाशी घाला.”

“आणि दारं कुणी बुजवली म्हणून विचारलं तर?”

“विचारतीलच.”

गवंड्यानं तिच्या हातातला डबा घेतला, पण उघडला नाही. पट्टी चुकवली हे साहेबांसमोर, साऱ्या गावासमोर कबूल करायचं. उद्या कोण त्याच्याकडून भिंत बांधून घेईल? सगळा जन्म तो ओळंबा धरून जगला होता. वरच्या गल्लीतली माणसं त्याला सरळ माणूस म्हणत, आणि ते त्याला फार गोड लागायचं.

तरी गुरुवारी सकाळी तो वही घेऊन निघाला. खालची गल्ली दुपारपर्यंत झाली. मुलं मोजताना पळत होती आणि दोनदा मोजली जात होती, म्हणून त्यानं एकेकाच्या पाठीवर चुन्याचं बोट ओढलं. शुक्रवारी वरची गल्ली. काही दारांवर त्याला आत या म्हणाले, काहींनी उंबऱ्यातूनच आकडा फेकला. एकानं सांगितलं, “नकाशे कसले काढतोस? भिंतीला पोपडे धरलेत ते बघ.” गवंड्यानं मुकाट्यानं ‘पाच’ असं लिहिलं.

कंपाउंडरकाकांच्या घरी काकूंनीच दार उघडलं.

“सहा लिही,” त्या म्हणाल्या.

“सहा कोण, काकू?”

“आम्ही दोघं, दोन मुलं, दोन सुना.”

“इथंच राहतात?”

“मग? त्यांच्या खोल्या आहेत की.” त्यांनी त्याला आत नेलं. दोन खोल्या, स्वच्छ झाडलेल्या. पलंगांवर धुतलेल्या चादरी, उशांना ताजे अभ्रे. खोल्या त्यानंच बांधल्या होत्या. मुलं सात-आठ वर्षांत आली नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकू चादरीची एक न पडलेली सुरकुती काढत होत्या. त्यानं सहा लिहिले आणि निघाला.

शनिवारी तांबडं फुटायच्या आत गवंडी, सून आणि गल्लीतली पाचसहा माणसं विटा वाहायला लागली. दुष्काळानं अडवलेल्या बांधकामाच्या विटा, मालकाला विचारून आणलेल्या. जगाच्या नकाशाशेजारी चुन्याच्या फक्कीनं गाव काढलं, घरं मापात, गल्ल्या मापात. मग माणशी एक वीट, उभी. वरच्या गल्लीत ऐसपैस चौकोन आणि त्यांत इथं तीन, तिथं चार अशा विटा. खालच्या गल्लीत चौकोनात उभ्या विटा मावेनात. सून खांद्याला खांदा लावून त्या बसवत होती, तरी गल्लीची रेघ ओलांडून विटा बाहेर आल्या. तिचे हात विटकरीनं लाल झाले होते.

साहेब आले ते घाम पुसतच. खुर्चीत बसले आणि समोर बघून म्हणाले, “हे काय? कुंपण बांधताय?”

“गाव आहे, साहेब,” गवंडी म्हणाला. “एक वीट, एक माणूस.”

साहेब उठले. विटांच्या कडेनं चालत गेले. वरच्या गल्लीतून सहज चालले, खालच्या गल्लीपाशी त्यांना पाय ठेवायला जागा मिळेना.

“आणि इथं दारं किती?”

“नऊ,” शिक्का पुढे झाला. “नऊच दारं आहेत, साहेब. मी स्वतः मोजलीत.”

“एवढ्या माणसांना नऊ दारं? कसं काय?”

गवंडी विटा चुकवत साहेबांसमोर आला.

“मी बुजवली, साहेब. सत्तावीस दारं. पट्टी चुकवायला. गल्लीला युक्ती मी दिली आणि वीट मी रचली. जो काही दंड असेल तो मला करा. पण पाणी त्यांना माणसासारखं द्या.”

वरच्या गल्लीकडून कुजबुज उठली. शिक्क्याला हवं तेच मिळालं.

“ऐकलंत? दारं चोरणारा हा आणि माणसं मोजणाराही हाच! कोण विश्वास ठेवणार? आता हेच बघा.” तो कंपाउंडरकाकांच्या चौकोनात शिरला. “इथं सहा विटा. सहा माणसं कुठली? दोन म्हातारी राहतात, गावाला माहीत आहे. एक आकडा खोटा तर सगळेच खोटे!”

साहेबांनी गवंड्याकडे बघितलं. काकू समोरच बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. त्यांचं नाव घेतलं असतं तर तो सुटला असता. त्याला ते जमेना.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. सुनेनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कंपाउंडरकाका उठले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर गावाला इंजेक्शनं टोचलेली, बोलणं कमी. ते सावकाश आपल्या चौकोनात आले, वाकले, चार विटा उचलल्या, दोन-दोन करून काखेत धरल्या आणि चुन्याचं गाव ओलांडून सिमेंटच्या जगात उतरले.

“कॅनडा कुठलं रे?” त्यांनी विचारलं.

गवंडी धावत गेला. “हे, काका. वरचं.”

त्यांनी तिथं दोन विटा उभ्या केल्या. “मोठा आणि त्याची बायको. आणि ऑस्ट्रेलिया?”

गवंड्यानं त्यांना हाताला धरून समुद्रातून पार त्या टोकाला नेलं. काकांनी उरलेल्या दोन विटा ठेवल्या, जरा जवळ-जवळ सरकवल्या. उठताना त्यांचा तोल गेला आणि गवंड्यानं त्यांना सावरलं.

“आता मोज,” काका साहेबांना म्हणाले, आणि मग चूक लक्षात येऊन, “मोजा, साहेब. आम्ही दोघं आहोत. चार दारांची आठ पिंपं घेत होतो. चार पिंपं तर मुलांच्या न्हाणीघरात भरून ठेवत होती ही. येतील म्हणून.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मुद्दामच कुणी तिकडे बघितलं नाही. गावात एवढी समज होती.

मग वरच्या गल्लीतला एकजण उठला, भिंतीचे पोपडे दाखवणाराच. त्यानं आपल्या चौकोनातली एक वीट उचलून बाहेर ठेवली. “भाऊ शहरात असतो,” एवढंच पुटपुटला. तो बसल्यावर दुसरी एक बाई उठली आणि तिनं उलट एक वीट मागून घेतली. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आत्या होती आणि तिला मोजायचं ती विसरली होती. अर्धा तास असंच चाललं. माणसं उठत होती, विटा हलवत होती, एकमेकांना आठवण करून देत होती. शेवटी बाईंनी मोजलं. दोनशे बावन्न.

साहेबांनी शिक्क्याच्या हातातली यादी घेतली, मधोमध दुमडली आणि स्वतःच्या खिशात घातली.

“पाच माणसांमागं दोन पिंपं,” ते म्हणाले. “यादी बाईंनी लिहायची, सही मी करतो. दारांचं काय ते गाव बघून घेईल.”

गावानं लगेच बघून घेतलं. गवंड्यानं शाळेचं पक्कं कुंपण फुकट बांधून द्यायचं, पाऊस पडल्यावर. तो इतक्या पटकन हो म्हणाला की काहींना दंड कमी झाल्यासारखं वाटलं.

उठताना तो पोपडेवाला जवळ आला. “माझी भिंत कधी करतोस?”

“माझ्याकडून करून घेणार?”

“तोंडावर खरं सांगणारा गवंडी दुसरा कुठं शोधू?”

काकू मात्र सभा उठली तरी जगाच्या नकाशातून हलल्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियाच्या कडेशी उभ्या होत्या. गवंडी जवळ गेला.

“धाकटा इथं होय रे?”

“हो, काकू.”

“काम सुबक झालंय हो तुझं,” त्या म्हणाल्या. “राहण्यासारखं दिसतंय.”

सोमवारी सात नंबरच्या घरात सात पिंपं उतरली. सातवं पिंप कुठं ठेवायचं यावरून चार चुलींमध्ये भांडण झालं, आणि कैक दिवसांनी ते भांडण सगळ्यांना गोड लागलं. पोरांच्या आंघोळी झाल्या, म्हाताऱ्यांच्या झाल्या, बायकांची डोकी धुऊन झाली. ओले केस पाठीवर टाकून सून बाहेर आली.

“मामंजी, बादली काढलीय. जा.”

“कुणाकुणाची?”

“तुमची एकट्याची. भरलेली आहे.”

गवंडी न्हाणीत गेला आणि पाटावर बसला. समोर काठोकाठ बादली. पाणी अजून हलत होतं. महिनाभर तो ओल्या फडक्यानं अंग पुसत आला होता. कोपरांच्या घड्यांत, नखांच्या खाचांत, कानामागे सिमेंट घट्ट बसलं होतं. त्यानं तांब्या बुडवला, वर काढला, आणि परत बादलीत ओतला. पुन्हा बुडवला.

“मामंजी, झालं का?” बाहेरून सुनेनं हाक मारली.

“सुरू करतोय गं,” तो म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मग त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला.